चकती पास आहे

शिवमंदिर रोड, अंबरनाथ
८ ऑक्टोबर २०२५

सरस्वतीताई,
सा. न.

खंडेनवमीला तुम्ही सगळे आमच्या लॅबमध्ये पूजेला आलात, फार बरं वाटलं. तू आणलेली तांदळाची बोरं मी अजून पुरवून पुरवून खाते आहे. तुझा भाऊ डब्याभोवती फिरतो, पण मी समीरला हात लावू देत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या सासूबाई फोन स्पीकरवर ठेवायला लावतात आणि मध्येच मला मेथीचा भाव विचारतात. त्यापेक्षा आपला हा कागदाचा उद्योग बरा. पोस्टमन घरचाच आहे. भावोजी सकाळी टेम्पोच्या शेडवर जाताना आमच्या लॅबच्या गेटवर रामभाऊ वॉचमनकडे पिशवी देतात आणि संध्याकाळी परतताना माझी चिठ्ठी घेऊन जातात.

तू पूजेच्या दिवशी विचारलंस, तुझं नेमकं काम काय. तेव्हा आरतीच्या गडबडीत सांगता आलं नाही. दवाखान्यात माणसाचा सीटी स्कॅन करतात ना, तसंच आमचं यंत्र, फक्त आत धातूचा तुकडा. तो गोल फिरतो, क्ष-किरण आरपार जातात आणि तुकडा न कापता त्याच्या पोटातलं दिसतं. ओतताना आत हवा अडकली असेल तर तिथे काळा ठिपका येतो. पण यंत्राचीच नजर अधू झाली तर? म्हणून रोज सकाळी आधी एक चकती आत ठेवायची. तिला लहान लहान होत जाणारी भोकं आहेत, शेवटचं सुईच्या टोकाएवढं. ते दिसलं तर त्या दिवशीची नजर साफ. कॉम्प्युटर ते मोजून आकडा देतो, हिरवी खूण येते, ‘चकती पास आहे’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. पास झाली की चकतीचं चित्र कोणी उघडूनही बघत नाही.

आता मला जे सलतंय ते सांगते. दसऱ्यापासून तुकड्यांची चित्रं मला धूसर वाटतात. कडा पाण्यात भिजल्यासारख्या. आणि चकतीचा आकडा मात्र पूर्वीपेक्षा वाढलाय. आमच्या भगवंत साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “आकडा कमी झाला की माझ्याकडे ये. वाढल्याची तक्रार घेऊन येणारी तू पहिलीच.” समीर म्हणतो, टेन्शन मत ले, चष्म्याचा नंबर तपासून घे. घेतला तपासून. नंबर आहे तोच आहे.

भावोजींच्या टेम्पोला सोमवारी नवे नकल बसवले, ते याच दिवसांतले. नकल म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर उभं असतं आणि स्टिअरिंग फिरवलं की ज्याच्याबरोबर वळतं, तो अॅल्युमिनियमचा तुकडा. त्यांच्या कागदावर सही माझी आहे. म्हणून विचारते, टेम्पो कसा चालतोय म्हणतात ते? सहज विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी,
माधवी


बदलापूर गाव
११ ऑक्टोबर २०२५

चि. माधवी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. सगळं जग आकडा कमी झाला म्हणून रडतं, तू वाढला म्हणून रडतेस. लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही तू वर बघत होतीस, मांडवाचा बांबू नीट बांधलाय का म्हणून. मी तेव्हाच समीरला म्हटलं होतं, हिला झोप कमी लागणार.

यांना विचारलं, टेम्पो कसा आहे. म्हणाले, लोण्यासारखा. रोज रेतीच्या गोण्या भरून मुरबाडकडे जातात आणि येतात. पुढच्या आठवड्यात माळशेज घाटात नेणार आहेत. कंपनीच्या या नव्या टेम्पोची ट्रायल दिवाळीपर्यंत नीट पार पडली तर कायम करू, असं त्यांच्या साहेबांनी तोंडी सांगितलंय. इतकी वर्षं आज याची गाडी, उद्या त्याची. आता कुठे कंपनीचा शर्ट मिळायची वेळ आलीय. मी तर शर्टाला इस्त्री कुठे करायची तेही ठरवून ठेवलंय. फक्त एकच जिवाला घोर. नव्या गाडीचे फोटो कोणी काढू नयेत म्हणून शेडवर फोन काढून घेतात. निघाले की परत येईपर्यंत काही खबर नाही. सासूबाई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात.

आणि आकड्याचं कोडं मी सोडवते. तुमच्या इंजिनिअरने यंत्राला काही लावायचं नाही असा हुकूम काढला, म्हणून तू ती चकती पाटावर मांडलीस, यंत्राच्या वतीने. सगळ्यांनी हळदीकुंकवाचं एकेक बोट टेकवलं आणि प्रसादाकडे वळले. मला ते पटलं नाही. ज्या चकतीच्या भरवशावर यांच्या गाडीचं चाक पास होणार, तिची पूजा अशी उरकायची? मी गावातल्या मारुतीचा शेंदूर नेला होता. तेलात कालवला आणि भोकाभोकात भरला. शेवटचं बारीक होतं, त्याला काडेपेटीची काडी तासून घेतली. तू तेव्हा बाहेर ताट लावत होतीस. वरवरचं तू नंतर पुसलंस ते मी पाहिलं, पण आतलं आत राहिलं असणार. मारुती पावला म्हण आणि शांत झोप.

तुझी,
सरस्वतीताई


अंबरनाथ
१३ ऑक्टोबर २०२५

ताई,

घाईत लिहिते आहे. दोनच गोष्टी.

एक, तो शेंदूर कुठला? देवळात मिळतो तो जड, जुन्या पद्धतीचा, की दुकानातली नुसती रंगाची पूड? आणि शेवटच्या भोकात खरंच गेला होता का? नीट आठवून सांग.

दोन, भावोजींना काहीतरी सांगून घरी ठेव. या आठवड्यात त्यांनी टेम्पो चालवू नये. पोट दुखतंय म्हणू देत, पाहुणे आलेत म्हणू देत. मी आत्ता संध्याकाळी गेटवर त्यांना म्हटलं, भावोजी, जरा सुट्टी घ्या, दमलेले दिसता. ते हसले आणि म्हणाले, “वहिनी, दिवाळीपर्यंत दमायचं नाय असं ठरलंय.” माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

कारण विचारू नकोस. इथे मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. गुरुवारी सगळं कळेल. तोवर एवढं कर.

माधवी


बदलापूर गाव
१४ ऑक्टोबर २०२५

चि. माधवी,

तुझी चिठ्ठी वाचता वाचता चुलीवरचा भात लागला.

आधी शेंदराचं. देवळातलाच आहे, पुजारी देतो तो. मुठीएवढी पुडी, पण हातात घेतली की दगड घेतल्यासारखी. शेवटच्या भोकात गेला होता, चांगला दाबून भरला होता. आम्ही गावच्या बायका तुमचं यंत्र बाटवतो असं तुझ्या साहेबाला वाटत असेल तर तसं सरळ सांग. पुढच्या वर्षी मी लांबूनच हात जोडीन.

आता दुसरं. तू कारण विचारू नकोस म्हणालीस, पण मला कारण कळलंय. तोंड बंद ठेवायला सांगितलंय, गुरुवारी कळेल. म्हणजे ड्रायव्हर कमी करणार आहेत. तुमच्या लॅबमध्ये कंपनीची माणसं येतात, तुझ्या कानावर आलं असणार. यांचं नाव यादीत आहे आणि यांचा अपमान नको म्हणून तू त्यांना आधीच घरी बसवायला बघतेस. तुझं मन चांगलं आहे, पण अक्कल कमी पडली. जो घरी बसतो त्यालाच आधी काढतात.

म्हणून मी उलटं केलं. काल रात्री जेवताना यांना म्हटलं, आता मागे राहू नका, साहेबांच्या नजरेत या. यांनी आज साहेबांना सांगितलं, घाटाची पहिली फेरी मला द्या. राजू नावाचा दुसरा ड्रायव्हर जाणार होता, त्याच्याकडून मागून घेतली. उद्या सकाळी भरल्या गाडीने माळशेज. साहेबांनी यांच्या पाठीवर थाप मारली म्हणे. सासूबाईंनी आजच नारळ आणून ठेवलाय.

तू काळजी करू नकोस. यादी असेल तर यांचं नाव आता तीत राहणार नाही.

सरस्वतीताई


अंबरनाथ
१५ ऑक्टोबर २०२५

ताई,

यादी वगैरे काही नाही. भावोजींच्या टेम्पोचं पुढचं चाक घाटात निखळू शकतं. मी हे परवाच लिहायला हवं होतं.

तुझं पत्र भावोजींनीच सकाळी रामभाऊंकडे दिलं. ते माझ्या हातात चहाच्या सुट्टीत आलं. तोवर भावोजी टेम्पो घेऊन गेले होते. मी लगेच तुला फोन केला. सासूबाईंनी उचलला. तू दळणाला गेली आहेस म्हणाल्या, आणि किसन आज घाटात जाणार म्हणून मी नारळ फोडला, असं मला कौतुकाने सांगत बसल्या. त्यांना काय सांगू? फोन ठेवला. रामभाऊंची ड्युटी संपली आहे, ते बदलापूरलाच राहतात, त्यांच्या हाती हे पाठवते आहे.

देवळातला जुना शेंदूर शिशापासून करतात. शिशातून क्ष-किरण जात नाहीत. रिकामं भोक चित्रात काळं दिसायला हवं. तुझं भरलेलं भोक दिव्यासारखं पांढरं दिसत होतं. कॉम्प्युटर फक्त एवढंच मोजतो की भोक आजूबाजूच्या धातूपेक्षा किती वेगळं दिसतंय. काळं की पांढरं, ते त्याला कळत नाही. त्याने आकडा वाढवून दिला आणि मी हिरवी खूण बघून सह्या करत राहिले. सोमवारी तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा चकतीचं चित्र उघडलं. मग चकती रॉकेलमध्ये भिजवली, भोकं साफ केली, परत ठेवली. शेवटचं भोक दिसलंच नाही. त्याच्या आधीचंही नाही. यंत्राची क्ष-किरणांची नळी खराब झालीय, कधीपासून ते माहीत नाही. म्हणजे त्या दिवसांत मी जे तुकडे पास केले, त्यांच्या पोटात काय आहे ते मी पाहिलेलंच नाही.

भगवंत साहेबांना त्याच दुपारी सांगितलं. ते म्हणाले, इंजिनिअर गुरुवारी येतोय, तो बघेल, तोवर कोणाला काही बोलायचं नाही, नळीचा दोष आपल्या अंगावर येईल. मी घाबरले. मी तुला ती अर्धवट चिठ्ठी लिहिली आणि स्वतःला सांगितलं की मी माझं काम केलं.

आज साहेबांना न विचारता टेम्पोच्या कंपनीत फोन केला. ते म्हणाले, लेखी पाहिजे. माझ्या सगळ्या सह्या रद्द समजा, असं मी माझ्या नावाने लिहून पाठवलं. त्यांनी घाटाकडे गाडी पाठवली आहे. समीरही मोटरसायकल घेऊन मुरबाडच्या रस्त्याने निघालाय. भावोजींचा फोन शेडवरच्या खणात आहे.

सासूबाईंना अजून काही सांगू नकोस. समीरचा फोन आला की मी तुला लगेच कळवते.

माधवी


बदलापूर गाव
१८ ऑक्टोबर २०२५

माधवी,

फोनवर तुझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून तीन दिवस उचलला नाही. कागदावर माणूस जरा तरी विचार करून बोलतो.

समीरने तुला सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. टोकावड्याच्या पुढे यांनी गाडी बाजूला घेतली होती, चहाला. समीर तिथे पोचला तेव्हा हे भजी खात होते. तो गाडीच्या पुढे आडवा उभा राहिला आणि म्हणाला, “किल्ली द्या.” यांना वाटलं, घरी कोणी गेलं. अजून अर्ध्या तासात घाट सुरू झाला असता. मागून कंपनीची माणसं आली, टेम्पो दोरीने बांधून परत नेला. भर रस्त्यात. भजीवाला विचारत होता, दादा, दारू प्यायलात का.

कंपनीने सगळे टेम्पो उभे केलेत. ट्रायल बंद. दिवाळीचं ते कायम होणं आता कोणाच्या तोंडी नाही. हे घरात बसून आहेत. वहिनीने माझं वाटोळं केलं, एवढं एकदाच बोलले. गाडीला काय झालं होतं, असं विचारतात. लोण्यासारखी चालत होती म्हणतात. सासूबाईंना मी सांगितलं, घाट बंद आहे. त्यांना ते पटलेलं नाही.

आणि मी. त्या दिवशी रामभाऊ पत्र देऊन गेले, तेव्हा दळणाचा डबा माझ्या डोक्यावर होता. तिथेच उतरवून वाचलं. ज्या हाताने मी भरून भरून शेंदूर लावला त्याच हाताने मी यांना घाटात पाठवलं. पण मला शिशाचं काही ठाऊक नव्हतं, माधवी. तुला सोमवारी ठाऊक झालं. मंगळवारी हे तुझ्या गेटवर उभे होते, बुधवारीही होते. एकदा बाहेर येऊन गाडीसमोर उभी राहिली असतीस तर? तू चिठ्ठी लिहिलीस. पोट दुखतंय म्हणू देत.

आता एक विचारते आणि याचं उत्तर मला अर्धवट नको. यांच्या गाडीचे ते दोन तुकडे काढून तुमच्याकडे पाठवलेत असं कळलं. यंत्र नीट झालं की बघशील. त्यात काही नसेल तर हे तुला कधी माफ करणार नाहीत, कारण उगाच गेली नोकरी. आणि काही असेल तर मी करणार नाही. काय असेल ते लिही.

भाऊबीजेला समीर आला तर येऊ दे. तू नको येऊस.

सरस्वती


अंबरनाथ
२७ ऑक्टोबर २०२५

ताई,

समीर भाऊबीजेहून आला आणि म्हणाला, ताईने ओवाळलं पण तुझं नाव काढलं नाही.

यंत्राला नवी नळी बसली. माझा सहीचा अधिकार काढून घेतलाय. चौकशी पूर्ण होईपर्यंत दुसरा माणूस सही करेल. पण कंपनीने परत पाठवलेले तुकडे स्कॅन करायला हात कमी पडत होते, म्हणून मला बसवलं. भगवंत साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते वाईट नाहीत, तेही घाबरले होते. आता दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळतो.

भावोजींचे तुकडे मी मागून घेतले. आधी चकती ठेवली. हिरवी खूण आली. मी थांबले नाही, चित्र उघडलं. शेवटचं भोक काळं होतं, नीट गोल. ते बघूनही मला विश्वास बसेना, म्हणून चकती काढून परत ठेवली आणि परत बघितलं. मग उजव्या चाकाचा तुकडा लावला. त्यात काही नव्हतं. स्वच्छ.

त्या क्षणी मनात काय आलं ते सांगते. तुला एवढंच लिहावं की तुकडा बघितला, साफ होता. खोटंही ठरलं नसतं. भावोजी रागावले असते, पण तू माझी राहिली असतीस. त्यांचा राग मी सोसला असता.

मग डावा लावला. स्टिअरिंगचा दांडा ज्याला जोडतात त्या बाहूच्या मुळाशी मोहरीएवढी पोकळी आहे, आणि तिच्यातून केसासारखी एक रेघ बाहेरच्या बाजूला निघाली आहे. पोकळी ओततानाची. रेघ ओतताना पडत नाही, गाडी चालताना पडते. आमच्या इंजिनिअरने पाहिली. तो म्हणाला, भरल्या गाडीने घाटात वळणावर किती तग धरला असता ते सांगता येत नाही, पण मी त्या गाडीत बसलो नसतो.

हाच तुकडा दसऱ्यानंतर मी पास केला होता. ते जुनं चित्र काढून शेजारी ठेवलं. त्याच जागी नुसतं करडं धुकं आहे. मी त्या धुक्यावर सही केली, आणि सोमवारी ते धुकं आहे हे कळल्यावरही दोन दिवस गप्प बसले. तू विचारलंस ना, गाडीसमोर उभी राहिली असतीस तर. मी रोज सकाळी गेटमधून आत येताना हेच विचारते.

तू म्हणालीस त्यातलं दुसरं झालं, ताई.

माधवी


बदलापूर गाव
२९ ऑक्टोबर २०२५

माधवी,

तुझं पत्र समीरने आणून दिलं आणि न बसता गेला. मी ते यांच्यासमोर वाचलं. केसासारखी रेघ, तिथपर्यंत आले आणि पुढे वाचवेना, तेव्हा यांनी कागद घेतला.

वाचून झाल्यावर खाली बघत म्हणाले, “डावीकडं वळताना टक करून वाजायचं. म्हटलं, नवीन गाडी हाय, बसेल हळूहळू.” कधीपासून विचारलं, तर म्हणाले नकल बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती आणि फेऱ्या राजूला दिल्या असत्या. मला मात्र लोण्यासारखी. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले. संतापाने मला रडूसुद्धा येईना. मी शेंदूर भरला, हे आवाज गिळून बसले, तू तोंड शिवलंस. तिघांनी मिळून एका आईचा मुलगा घाटाच्या तोंडाशी नेऊन ठेवला होता. सासूबाईंना आता सगळं सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि देवघरातली शेंदराची डबी स्वतः उचलून मारुतीला परत देऊन आल्या.

यांचा तुझ्यावरचा राग गेला. वहिनीकडे जाऊन येतो म्हणतात. येतील तेव्हा नीट खाऊ घाल, चार दिवस धड जेवले नाहीत.

माझा गेलेला नाही. मी लिहिलं होतं तसंच आहे. रोज सकाळी उठते आणि आधी ती सोमवारची चिठ्ठी डोळ्यांसमोर येते.

आता कामाचं. कंपनी ट्रायल पुन्हा सुरू करते आहे, यांना बोलावणं आलंय. नवे नकल ओतून आलेत, ते तपासायला तुमच्याच लॅबमध्ये येणार. हे म्हणाले, सही दुसरा कोणीतरी करणार आहे, झालं तर. मी म्हटलं, झालं नाही. काल मी स्वतः अंबरनाथला शेडवर गेले. साहेबांना मला आत घ्यायचं नव्हतं, मी गेटवर बसून राहिले. शेवटी ते बाहेर आले. मी त्यांना सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या गाडीचे तुकडे माधवीने बघितल्याशिवाय तो किल्लीला हात लावणार नाही. ते म्हणाले, बाई, चूक तर तिचीच होती. मी म्हटलं, म्हणूनच. दुसरा हिरवी खूण बघेल आणि घरी जाईल. ही आता जन्मभर चित्र उघडून बघेल.

ते तुमच्या भगवंत साहेबांशी बोलणार आहेत. तुला अधिकार परत देतील का ते मला माहीत नाही. नाही दिला तर माझ्याकडून त्यांना सांग की मी त्यांच्याही गेटवर येऊन बसेन.

माफ केलं असं समजू नकोस. पण यांच्या चाकाच्या कागदावर सही तुझीच पाहिजे.

सरस्वतीताई